वैतागलेली वेणुमती आणि भिंतीतली राजकन्या

एका राज्यात पद्मरेखा नावाची एक राजकन्या होती. ती राजवाड्यातच होती, पण कुणाला दिसत नव्हती. त्याचे असे झाले. विकटघोष नावाच्या मांत्रिकाने तिला मागणी घातली, पद्मरेखेने नाही म्हटले, आणि त्याने भरल्या दरबारात तिला पांढऱ्या भिंतीत लोटून दिले. भिंत मिटली. मांत्रिक म्हणाला, "हिला जशी आहे तशी जो या भिंतीवर चितारील, त्याच्या हातून ही सुटेल. जो खोटी चितारील, त्याचा हात लाकडाचा होईल."

नामवंत चितारी आले आणि लाकडी हात घेऊन परतले. दरबारचे थोर चितारी भार्गवाचार्य यांचीही तीच गत झाली. आता त्यांना घास भरवावा लागे. मग राजाने त्यांच्या शिष्येला, वेणुमतीला बोलावले. राजकन्येला चित्रकला तीच शिकवीत असे.

वेणुमती भिंतीला हात लावायच्या आधी कापडावर काढून बघे आणि फाडून टाकी. नाक जमे, डोळे जमत, राजकन्या मात्र जमत नसे. रोज सकाळी प्रधान दारात येऊन झाले का म्हणून विचारी. त्याहून वाईट म्हणजे, भिंतीतून येणारी बांगड्यांची किणकिण दिवसेंदिवस मंद होत चालली होती.

राजकन्येची साळुंकी हे सारे बघत होती. एके दिवशी ती म्हणाली, "वेणुमती, तुझे डोळे आटले आहेत. पूर्वजांच्या भांडारात जा, यक्षाच्या शिल्पशाळेत जा, विकटघोषाच्या चित्रदालनात जा. तोवर कुंचला उचलू नकोस."

इथे जीव टांगणीला लागलेला आणि हिला देशाटन सुचते आहे, असे वेणुमतीला वाटले. पण दुसरा उपायही नव्हता. चरफडत ती निघाली.

पूर्वजांच्या भांडाराची राखण एक म्हातारा नाग करीत असे. एक वस्तू डोळ्यांत भरून घेतल्याखेरीज तो कुणाला बाहेर सोडत नसे आणि धड बघूही देत नसे. प्रत्येक मुकुटाचे घराणे सांगे, प्रत्येक तलवारीचे युद्ध सांगे, आणि कुठे पाय थबकला की फणा काढून पुढे चला म्हणे. वेणुमतीचे डोके भणाणले. दाराशी नागाने काय घेतलेस म्हणून विचारले, तेव्हा तिला कोपऱ्यातली वीतभर तांब्याची बाई तेवढी आठवली. ती पायातला काटा काढीत होती आणि तिच्या कपाळाला आठी होती. नागाने ती मूर्ती कुणाची, हे आपल्याला ठाऊक नसल्याचे नाइलाजाने कबूल केले आणि वाट दिली.

यक्षाची शिल्पशाळा डोंगरमाथ्यावर होती. आपण काम करू तोवर गप्प बसायचे, एवढीच त्याची अट होती. पण तो काम करीच ना. घडून तयार असलेल्या अप्सरेसमोर बसून तो बोरे खाई, बिया थुंके, तिला शिव्या घाली. ऊन कलले तेव्हा तो उठला आणि एका घावात त्याने तिचे नाक उडवले.

वेणुमतीला राहवले नाही. "एवढे सुंदर नाक का फोडलेत?"

"ते माझ्या हाताच्या सवयीचे नाक होते," यक्ष म्हणाला. "तिचे नव्हते."

मग अट मोडल्याबद्दल त्याने तिला सगळी शाळा झाडायला लावली. दगडाच्या कपच्या गोळा करताना वेणुमती यक्षावर चिडली, आणि मग त्याहून जास्त स्वतःवर. तिच्या चित्रांतली नाकेही हाताच्या सवयीचीच होती.

विकटघोषाच्या दालनात गर्दी होती. तिथे जो एकदा वाहवा म्हणे, त्याच्या तोंडून पुन्हा दुसरा शब्द फुटत नसे. माणसे वाहवा, वाहवा करीत भिंतीभिंतीशी फिरत होती. मधोमध पद्मरेखेचे चित्र होते: झुकलेल्या पापण्या, हातात कमळ, ओठांवर मंद हसू. काम निर्दोष होते. वेणुमतीच्याही जिभेवर शब्द आला आणि तिने तो दातांत धरला. मांत्रिक जवळ आला. चित्र कसे वाटले, असे त्याने गोड आवाजात विचारले.

"ही इतका वेळ बसणारच नाही," वेणुमती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला सगळे आठवले. पद्मरेखा धड्याला कधी स्थिर बसली नव्हती. पाय झोपला म्हणून उठे, वेणीचे टोक चावी, आठी घालून वाद घाली. आणि वेणुमतीने दरवेळी ती आठी पुसून राजकन्येला शोभेलशी मुद्रा काढली होती.

ती तडक राजवाड्यात आली. कोळसा घेऊन तिने आधी पाय काढला, मोजडीत अर्धवट सरकवलेला. मग सुटलेली वेणी, मग बोलायला उघडलेले तोंड, मग आठी. राजाने मान खाली घातली. प्रधान म्हणाला की राजकुळाला हे शोभत नाही, निदान कपाळ तरी सैल करावे. नकळत वेणुमतीने आठी जराशी सौम्य केली. तत्क्षणी तिची करंगळी भिंतीवर टक् वाजली. ती लाकडाची झाली होती.

वेणुमतीने सगळ्यांकडे पाठ केली. कोपराने ती रेघ पुसली आणि आठी पुन्हा काढली, होती तेवढी खोल.

भिंत तडकली. गिलावा प्रधानाच्या पागोट्यावर कोसळला, आणि एका पायात मोजडी घातलेली पद्मरेखा बाहेर आली.

"किती हा उशीर, वेणुताई," ती म्हणाली.

वेणुमतीला हसू आणि रडू एकदम आले. तिची करंगळी मऊ झाली. घरोघरच्या चिताऱ्यांचे हात सुटले; भार्गवाचार्यांनी स्वतःच्या हाताने वरणभात कालवला. मांत्रिकाच्या दालनातली माणसे बोलू लागली, आणि जो तो चित्रांतल्या खोडी काढू लागला. ते ऐकता ऐकता विकटघोष विरत गेला आणि त्याची रिकामी कफनी तेवढी जमिनीवर उरली.

दुसऱ्या मोजडीसाठी राजकन्या थांबली नाही. एक पाय अनवाणी तशीच ती उन्हात निघाली, आणि राजा सिंहासन सोडून तिच्यामागे धावला. त्या राज्याचे असे भले झाले, ऐकणाऱ्यांचेही होवो.