घुमटाखाली एकटा

"हजार वेळा मारलीय वस्ताद, हजार वेळा! मग आजच का फुकट गेली?"

प्रणित तावातावानं विचारत होता. मिरजेतल्या आमच्या गेमिंग कॅफेचा माळा, भर दुपार. तासाभरापूर्वी आमचा पाच जणांचा संघ फायनल हरला होता. खाली पायरीवर बाकीचे तिघं बसले होते. प्रणितला संघात ठेवायचं की काढायचं, हेच तिथं चाललं होतं. मी हेडफोन ठेवायला वर आलो आणि अडकलो.

मारलीय म्हणजे अल्टी. खेळातल्या प्रत्येक वीराची ती सगळ्यात मोठी ताकद. भरायला वेळ लागतो, सुटली की गेली. प्रणितच्या वीराची अल्टी म्हणजे ढालीचा घुमट. त्याखाली पाचही जण वाचू शकतात. आज त्याखाली एकटा प्रणित होता.

"सराव कुठं केलास?" हुसेन वस्तादांनी विचारलं. कॅफे त्यांचाच, आम्हाला शिकवायचेही तेच.

"खेळातल्याच सरावाच्या मैदानात. एकट्यानं. लक्ष लागतं ना."

"आणि आज?"

"आजही लक्ष होतं की! संघाचे आवाजसुद्धा बंद केले होते."

हे मला नवीन होतं. माझं डोकंच फिरलं. घसा फोडून ओरडत होतो आम्ही, आणि हा पठ्ठ्या...

वस्तादांनी मॅचचं रेकॉर्डिंग लावलं, आमच्या सगळ्यांच्या आवाजासकट.

आमच्या संघातली तस्लीम बोलत होती. "प्रणित, घुमट इकडं टाक... प्रणित?... बरं, राहू दे. तू पळ. मी अडवते यांना."

पुढं तिचा आवाज नव्हता; तिचा वीर पडला होता.

प्रणित कानापर्यंत लाल झाला.

"लाज वाटते हो, वस्ताद," तो म्हणाला. "उद्यापासून दोन हजार वेळा करतो."

कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा आला होता. बिनसाखरेचा, कडक, आल्याचा, दूध जास्त, आणि एक साधा. पाच ग्लासांचा तो ट्रे वस्तादांनी प्रणितच्या हातात दिला.

"खाली ने." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "याचाही त्यात धर. ज्याचा त्याला द्यायचा. विचारायचं नाही."

प्रणित ग्लासांकडं बघत राहिला. मग हळूच माझ्याकडं बघितलं.

मला कडक लागतो. तीन वर्षं रोज याच्या शेजारी बसून पितोय. मी मुद्दाम भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्यानं एक ग्लास उचलला, परत ठेवला.

"मला माहीत नाही, वस्ताद..." त्याचे डोळे भरले. "एकाचाही नाही."

वस्तादांनी जिन्याकडं हात केला.

"त्यांना तुझा माहीत आहे... जा, गार होतोय."