चिदंबरची संख्या

"मलाच का दिलीत ही संख्या?"

चिदंबरने विचारलं. नमस्कार करायचा राहिला, हेही त्याच्या लक्षात आलं नाही. कपड्यांचं गाठोडं मात्र त्याने आधीच दाराशी आणून ठेवलं होतं.

त्र्यंबकस्वामी धूळपाटी सारखी करत होते. गणिताच्या त्या मठात कागद नव्हता. पाटावर बारीक धूळ पसरायची, तिच्यात बोटाने आकडे काढायचे आणि काम झालं की तळहाताने पुसून टाकायचे.

मठाची एक रीत होती. येणाऱ्या प्रत्येक शिष्याला स्वामी एक भली मोठी संख्या देत. ती कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकाराने झाली, ते शोधायचं. सापडले की ते अवयव स्वामींसमोर धुळीत लिहायचे आणि निरोप घेऊन घरी जायचं.

"गुंडोची संख्या पहिल्याच उन्हाळ्यात फुटली. वासुदेव माझ्यामागून आला आणि माझ्याआधी गेला. मी आपला इथेच! पोरं मला धाकटे स्वामी म्हणून चिडवतात."

"त्यात चिडण्यासारखं काय आहे?"

"मी इतका ढ वाटलो तुम्हाला?"

"ते राहू दे. फुटली का?"

"फुटली!"

राग कुठल्या कुठे पळाला. चिदंबर ऐटीत मांडी ठोकून बसला.

"सगळे भाग देत बसतात. तीनने, सातने, अकराने... मी भागणंच सोडून दिलं. संख्येत एक वर्ग मिळवून पाहिला. नाही जमलं. पुढचा मिळवला. मिळवतच गेलो. आणि काल बेरीज स्वतःच पूर्ण वर्ग आली! मग काय उरलं? दोन्ही वर्गांची मुळं घेतली. त्यांची बेरीज हा एक अवयव, वजाबाकी हा दुसरा."

स्वामींचे डोळे चमकले.

"मिळवलंस... फोडायचं म्हणून मिळवलंस! अरे लबाडा, हे मला कसं सुचलं नाही?"

चिदंबर गोंधळला.

"तुम्हाला कशाला सुचायला हवं? अवयव तुम्हाला ठाऊकच असतील ना?"

स्वामी पुन्हा धूळ सारखी करू लागले.

"स्वामी...?"

"ही मला माझ्या गुरूंनी दिली होती."

त्या गुरूंना, म्हणजे मोठ्या स्वामींना, जाऊन कित्येक वर्षं लोटली होती. निरोप न मिळालेला त्यांचा एक शिष्य मागे राहून मठ सांभाळत होता, आणि चिदंबर इतके दिवस त्यालाच गुरू म्हणत होता.

"मग ती फुटते, हे तरी कसं कळलं तुम्हाला?"

"कसोटी लावली होती. एकही अवयव हाती न लागता संख्या अविभाज्य नाही, एवढं ठरवता येतं. फुटते हे कळलं. कुठे, ते काही कळलं नाही."

"आणि तीच मला दिलीत?"

"फोडशील तर तूच, असं वाटलं." स्वामी धुळीकडे पाहत राहिले. "आणि लवकर फोडू नयेस, असंही वाटायचं."

चिदंबरला भरून आलं. तो घाईघाईने पुढे सरकला आणि त्याने पाटीवर बोट टेकवलं.

स्वामींनी आपला तळहात तिथेच पसरून ठेवला.

"लिहू नकोस."

"मग माझा निरोप?"

"दिला. सुखाने जा. आईला माझा नमस्कार सांग."

"पडताळून न बघताच?"

"तू मिळवलं म्हणालास ना, तेव्हाच कळलं मला."

"पण तुमचं काय? दोनच तर संख्या आहेत, स्वामी. आत्ता लिहितो. तुम्हीही मोकळे व्हाल!"

स्वामींनी हात काढला नाही.

"मीही निघून गेलो..." ते म्हणाले, "तर तू परत येशील तेव्हा दार कोण उघडेल रे, चिदू?"