निम्मे बीळ

एका जंगलात एक पोपट राहत असे. मात्र त्याचे बालपण जंगलात गेले नव्हते. शहरातल्या एका वकिलाच्या ओसरीवर त्याचा पिंजरा टांगलेला असे, आणि पिंजऱ्याखाली दिवसभर पक्षकारांची ये-जा चाले. ऐकून ऐकून 'फेअर', 'जस्ट', 'इम्पार्शल', 'अनबायस्ड', 'न्यूट्रल' असे भारदस्त इंग्रजी शब्द त्याला तोंडपाठ झाले होते. बालमित्रांनो, तुम्हालाही ते पाठ असतील. परीक्षेत निःपक्षपातीपणाचे शब्द विचारले, की तुम्ही ते भराभर लिहिता आणि पुरते गुण मिळवता. पोपटालाही असेच गुण मिळाले. एके दिवशी पिंजऱ्याचे दार उघडे राहिले, तो उडून जंगलात आला, एका उंबराच्या ढोलीत त्याने संसार थाटला, आणि थोड्याच दिवसांत तो तिथला न्यायाधीश झाला.

त्याच्या आधी हे काम एक म्हातारा गवा करी. त्याची एक रीत होती. ज्या जागेवरून भांडण असेल, त्या जागी तो आधी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बसून राही आणि मगच तोंड उघडी. एकदा दोन तितरांच्या तंट्यापायी तो करवंदीच्या जाळीत जाऊन बसला आणि अंगभर गोचिडी घेऊन बाहेर आला. त्याचा निकाल मात्र दोन्ही तितरांनी मानला. हिवाळा सरता सरता हा गवा मरण पावला, तेव्हा कोल्ह्याने पोपटाचे नाव पुढे केले. पोपटाने उंबराची सगळ्यांत उंच फांदी आपल्या बैठकीसाठी पसंत केली आणि पहिल्याच दिवशी जुनी रीत मोडीत काढली. कोणाच्या दारात दिवसभर बसले की त्याचा लळा लागतो, तेव्हा इम्पार्शल न्यायाधीशाने लांबच बसावे, असे त्याने सर्वांना बजावले. प्राण्यांना तो शब्द कळला नाही, आणि म्हणूनच तो त्यांना फार आवडला.

त्याच्यापुढे पहिलाच वाद आला तो एका साळूचा. साळू म्हणजे अंगावर काटे असलेली साळिंदराची मादी. ओढ्याच्या उतारावर तिने आपल्या पंजांनी बीळ खोदले होते आणि त्यात तिची दोन नुकती जन्मलेली पिल्ले होती. पिल्लांचे काटे अजून गवतासारखे मऊ होते. एक तरस त्या बिळात शिरू पाहत होता. आपला बाप एके काळी तिथे विसावा घेत असे, एवढाच त्याचा दावा. कोल्ह्याच्या हाती त्याने पोपटाला पिकलेली बोरेही पाठवली, पण पोपटाने ती चोचीलासुद्धा लावली नाहीत. हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पोपट लबाड नव्हता. दावेदार दोन आहेत, मग बिळाचेही दोन सारखे भाग करावेत, असा निकाल त्याने फांदीवरूनच दिला आणि 'फेअर, फेअर' असे दोनदा म्हटले.

साळू पुढे आली. "महाराज," ती म्हणाली, "एकदा खाली उतरा आणि माझ्या बिळात दिवसभर बसा. त्यानंतरही निम्मे म्हणावेसे वाटले, तर माझी तक्रार नाही."

"बाई, मला तुम्ही दोघेही सारखे," पोपट म्हणाला. "तुमच्या बिळात बसलो तर मी तुमचा झालो, असे लोक म्हणतील."

निकाल तो निकाल. तरसाने बिळाच्या मधोमध पंजाने रेघ ओढली आणि तो पलीकडच्या निम्म्यात पसरला. साळूने पिल्लांना अलीकडच्या कोपऱ्यात दडवले आणि भूक असह्य झाली तेव्हा ती कंद शोधायला बाहेर पडली. परत आली तेव्हा कोपऱ्यात एकच पिल्लू थरथरत होते. तरस रेघेपलीकडे ओठ चाटत बसला होता. "ते माझ्या निम्म्यात आले होते," तो शांतपणे म्हणाला. साळू उरलेले पिल्लू घेऊन उंबराखाली गेली. पोपटाने सगळे ऐकून घेतले, झाले ते वाईट झाले असे म्हटले, आणि आपण न्यूट्रल असल्यामुळे यात आणखी काही करू शकत नाही, असे सांगून डोळे मिटले. मित्रांनो, हे लिहिताना मला अजूनही राग येतो. साळू पिल्लाला घेऊन काटेरी झुडपांत राहायला गेली.

पुढे पोपटाच्या ढोलीत अंडी आली. त्याची जोडीण ती उबवत बसे आणि तो तिला चोचीने दाणे भरवी. एके दिवशी एक धामण बुंध्यावरून सरपटत वर आली आणि ढोलीवर हक्क सांगू लागली. पोपट पिंजऱ्यात होता तेव्हा आपण याच ढोलीत कात टाकली होती, असे तिचे म्हणणे होते. "पुरी ढोली मला नकोच," ती म्हणाली. "निम्मी पुरे. इथला कायदाच तसा आहे ना?"

पोपटाच्या तोंडचे पाणी पळाले. जोडिणीने त्याच्याकडे पाहिले. तिला काय विचारायचे होते ते त्याला कळले. स्वतःच्या तंट्यात स्वतः न्यायाधीश होता येत नाही, हा नियमही त्यानेच केला होता. मग निवाडा कोणी करायचा? कोल्ह्याला अशा वेळी मोठी मजा वाटते. त्याने साळूचे नाव सुचवले. सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण साळू आता काय म्हणणार हे जो तो जाणून होता. 'निम्मे' एवढा एक शब्द उच्चारला, की तिचे उट्टे फिटणार होते.

साळू सकाळी आली. तिला झाडावर चढता येत नव्हते, म्हणून बुंध्याला टेकून ती खाली बसली आणि दिवसभर तिथेच बसून राहिली. ऊन वर आले, तरी वर बसलेली पक्षीण अंड्यांवरून उठली नाही. तहानेने तिची चोच उघडी पडली होती. धामण पुन्हा पुन्हा वर जाई, पण ढोली केवढी आहे, कोरडी आहे की ओली, हे ती पाहत नसे. दर वेळी ती अंडीच पाही. सूर्य मावळला तेव्हा साळू उठली.

"ढोली पोपटाची," ती म्हणाली. "एकाला राहायचे आहे आणि दुसऱ्याला खायचे आहे. त्यांच्यात निम्मे-निम्मे करता येत नाही."

सगळे प्राणी उंबराभोवती दाटीने उभे राहिले, तेव्हा धामण मुकाट्याने उतरून निघून गेली. मग त्याच प्राण्यांनी ओढ्याकडे जाऊन तरसालाही बिळातून हुसकावून लावले. जे आधी करायचे ते त्यांना आता सुचले.

पोपट पहिल्यांदाच फांदीवरून जमिनीवर उतरला. तो साळूपुढे जाऊन उभा राहिला.

"तुम्ही माझाच निकाल मला ऐकवू शकला असता," तो म्हणाला. "का नाही ऐकवलात?"

"मनात आले होते," साळू म्हणाली. "सकाळी आले, दुपारीही आले. पण त्या अंड्यांनी माझे काय वाईट केले होते?"

याला काय म्हणतात, ते पोपट आठवू लागला. ओसरीवर ऐकलेले सगळे शब्द त्याने मनातल्या मनात म्हणून पाहिले, आणि एकही उच्चारण्याची त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच तो ओढ्याकाठच्या त्या रिकाम्या बिळात जाऊन बसला. तरसाने ओढलेली रेघ तिथे अजून होती. अलीकडच्या कोपऱ्यापासून ती इतकी जवळ होती, की इवलेसे पिल्लू कूस बदलताना सहज पलीकडे जावे. पोपट दिवस मावळेपर्यंत त्या रेघेकडे पाहत रडत बसला. पुढे तो चांगला न्यायाधीश झाला असे म्हणतात. साळूचे गेलेले पिल्लू मात्र परत आले नाही.

तात्पर्य : न्यायाला शब्द पुष्कळ आहेत, पण दोघांपासून सारखेच लांब बसणे म्हणजे न्याय नव्हे; निवाडा करण्याआधी ज्याचे सर्वस्व जाणार आहे त्याच्या जागी बसून पाहावे, मग तो आपला वैरी का असेना.