वहीतली पहिली ओळ

"सर, तुमच्या वहीत माझं नाव कधी लिहिणार?"

चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच प्रभाकर भंगाळेंनी विचारलं. माणूस एकसष्ट वर्षांचा, इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक. प्रश्न मात्र सातवीतला.

नेहेते सर नव्वदीला टेकले होते. अंगणात निंबाखाली खाटेवर बसले होते. ते नुसते हसले.

प्रभाकररावांनी पिशवीतून जाडजूड पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. "सगळं पुस्तक 'रन' या एका शब्दावर आहे, सर. दोनशे बारा अर्थ शोधलेत. आता तरी…"

"दोनशे बारा," सर म्हणाले. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि उशाखालून वही काढली.

वही पाहिली आणि प्राध्यापकांना गलबलून आलं.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर हाच शब्द लिहिला होता. त्याचे अर्थ पुष्कळ, म्हणाले, पण डिक्शनरीतून आणायचे नाहीत. घरी, रस्त्यात काय घडलं ते येऊन सांगायचं. ते या शब्दात बसतं की नाही, हे सर ठरवणार. बसलं तर वहीत उतरणार, आणणाऱ्याच्या नावासकट.

प्रभाकरने दुसऱ्याच दिवशी डिक्शनरीतले एकवीस अर्थ घडाघडा म्हणून दाखवले होते. सरांनी ते शांतपणे ऐकले आणि पेनाला टोपण लावलं. ते टोपण त्याला आजवर टोचत होतं.

"वाच," सर म्हणाले. "मला अक्षर दिसत नाही आता."

"नळाला पाणी येणं… हमीदा. रंग जाणं… कुमुद."

"नवा परकर भावाच्या शर्टाबरोबर भिजवला होता तिने. पोरगा वर्षभर गुलाबी शर्टात शाळेत आला."

"दुकान चालवणं… मोहन. वडील गेले तेव्हा ना, सर?"

"हं. तेरा वर्षांचा होता."

"नाक गळणं…"

प्रभाकरराव थांबले. पुढे नथ्थूचं नाव होतं. नथ्थू त्यांच्याच बाकावर बसायचा, सर्दी बारमाही. सरांपुढे नाक वर करून म्हणाला होता, 'पुराव्यासकट आणलंय, सर.' वर्ग हसून हसून लोळला होता.

"नथ्थू गेला, सर. दोन वर्षं झाली. मी तेव्हा या पुस्तकात होतो. त्याचा निरोप आला होता, येऊन जा म्हणून… मी गेलो नाही."

सरांनी हात पुढे करून वहीचं पान चाचपलं.

…

"सर, पानावरची पहिली ओळ रिकामी का?"

"तुझ्या पुस्तकात पहिला अर्थ कोणता?"

"धावणे."

"तोच. सोपा होता. कुणी आणलाच नाही."

प्रभाकरराव हसणार होते, तेवढ्यात वैशाखातली वावटळ अंगणात शिरली. वहीची शिवण कधीच उसवली होती. पान सुटलं आणि केळीच्या बागेकडे निघालं. बागेच्या कडेने पाट भरून वाहत होता, आणि पानावरची अक्षरं शाईची होती.

"अरे नथ्थू, थांब…"

चपला खाटेशीच राहिल्या. डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केलेले गुडघे घेऊन प्रभाकरराव वाफे तुडवत पळाले. एकदा घसरले, उठले, पुन्हा पळाले. पाटाच्या काठावर अक्षरशः पालथे पडून त्यांनी पान धरलं.

परत आले तेव्हा छातीचा भाता झाला होता. कपडे चिखलाने भरले होते आणि डोळे पाण्याने. पान तेवढं कोरडं होतं.

"सगळे आहेत, सर," ते कसंबसं म्हणाले. "नथ्थूही आहे."

सरांनी सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं, टोपण काढून त्यांच्यापुढे धरलं.

"दम खा आधी. मग पहिली ओळ लिही."