लांडग्याच्या गुहेचे भाडे

मुलांनो, एका जंगलात एक कोल्हा राहत असे आणि त्याचा धंदा होता खऱ्या गोष्टी दाखवण्याचा. ज्याची गोष्ट, त्याच्याच दारात तो सगळ्या जंगलाला नेऊन बसवी, त्याला प्रश्न विचारी, आणि बाकीचे ऐकत. येताना जो तो कोल्ह्यासाठी काहीतरी खायला आणी. सशाची झाली, मोराची झाली. मग प्राणी जांभया देऊ लागले. तेव्हा कोल्ह्याला लांडगा आठवला.

या लांडग्याने एका हरिणीचे पाडस मारले होते. हे सगळ्यांना ठाऊक होते. पण कुठे मारले, ते एकट्या लांडग्याला ठाऊक. हरिणी अजून रोज झुडपे धुंडाळत फिरे. पाडस जिवंत नाही हे तिला कळत होते. ते जिथे पडले ती जागा सापडावी, तिथे घटकाभर बसावे, एवढेच तिला हवे होते.

लांडगा फुकट बोलायला तयार नव्हता. रोज एक कोंबडी हवी, आणि पाडसाबद्दल आपण सांगू तेवढेच ऐकायचे, उलट प्रश्न विचारायचा नाही, असे त्याने बजावले. कोल्ह्याने मान डोलावली. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते हेच, मुलांनो. हरिणीने कोल्ह्याला गाठले आणि माझ्या लेकराला मारणाऱ्याला कोंबड्या का चारतोस, असे विचारले.

"गोष्टीचं मी त्याला काही देत नाही, ताई," कोल्हा म्हणाला. "खेळ त्याच्या गुहेसमोर होणार ना, त्या गुहेचं भाडं देतो."

खेळाला हीऽ गर्दी लोटली. लांडग्याने लहानपणीची उपासमार सांगितली, आई लवकर गेल्याचे सांगितले, आणि मला कुणी समजूनच घेतले नाही म्हणून सुस्कारा सोडला. पाडसाबद्दल म्हणाला, की ते आपणहून त्याच्या वाटेत आले. उद्या ज्यांना तो खाणार होता ते ससेसुद्धा डोळे पुसत होते. मला तर हे सांगतानाही संताप येतो.

तेवढ्यात हरिणी उठली. "माझं पाडस कुठे पडलं, तेवढं सांग," ती म्हणाली.

लांडग्याने तिच्याकडे बघितलेही नाही. तो कोल्ह्याला म्हणाला, "हे आपलं ठरलं नव्हतं."

आणि कोल्ह्याने काय करावे? हरिणीचा प्रश्न खरे तर त्यानेच विचारायचा होता. तो उठला आणि रडणाऱ्या हरिणीला ढकलत गर्दीबाहेर घेऊन गेला. मध्येच व्यत्यय नको, असे ससे कुरकुरले.

खेळ संपल्यावर कोल्हा तिच्याकडे आला. "ताई, तुझं रडणं सगळ्यांना फार भिडलं," तो म्हणाला. "उद्या पुन्हा येशील? पुढेच बस, म्हणजे सगळ्यांना दिसशील. तुलाही कोवळं गवत देईन."

हरिणीने त्याच्याकडे रोखून पाहिले. "कोल्होबा, त्या कोंबड्या तू लांडग्याचं तोंड उघडायला दिल्यास, की बंद ठेवायला?"

दुसऱ्या दिवशीची कोंबडी पकडायची होती, म्हणून कोल्हा घाईने निघून गेला. हरिणी पुन्हा झुडपांत शिरली. गुहेसमोर मात्र दुसऱ्या दिवशी दुप्पट गर्दी जमली.

तात्पर्य : अपराध्याला मोबदला देऊन बोलते केले, की तो स्वतःच्या सोयीचेच बोलतो, आणि ते ऐकून डोळे पुसणारेही त्या पापाचे वाटेकरी होतात.