सात खाचांचा खांब

फार वर्षांपूर्वी, युक्रेनमधल्या एका नदीवर अजून धरण नव्हतं, तेव्हा तिच्या काठी एक लहानसं गाव होतं. गावात लाकडी चर्च होतं आणि ते झाडूनपुसून ठेवणारी यावदोखा नावाची विधवा होती. तिला एकुलती लेक, किलीना. दर ईस्टरला यावदोखा लेकीला चर्चच्या ओसरीतल्या खांबाला टेकवून उभी करी, आणि डोकं पोचेल तिथे कुऱ्हाडीने खाच पाडी. सात खाचा झाल्या. आठवीच्या आधीच किलीना तापाने गेली.

पुढे धरणाचं काम निघालं. घरं बुडणार होती, थडगी बुडणार होती. चर्च तेवढं उतरवून दूरच्या एका संग्रहालयात उभं करायचं ठरलं. तिथे मोकळ्या माळावर अशी जुनी चर्चं जपून ठेवतात. यावदोखाने युखिम सुताराला एकच विनवणी केली, की ओसरीतला तो खांब टाकू नकोस; लेकीचं तेवढंच उरणार आहे. युखिम म्हणाला, "बाई, मी इथला भुसाही टाकायचा नाही, खांब कसला टाकतोय."

पण सुतारांची रीत अशी, की खांब उतरवताना त्यांचे आकडेसुद्धा कुऱ्हाडीच्या खाचांनीच घालायचे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन.

चर्च उभं राहिल्याचं कळलं तशी यावदोखा तीन दिवस चालत तिथे गेली. ओसरीत दुसराच खांब होता. ती तिथेच पायरीवर बसली. असं म्हणतात, त्या दिवशी कोरड्या लाकडांना पाणी सुटलं.

युखिमने सगळे खांब पुन्हा तपासले, आणि वर घंटा टांगलेल्या सज्ज्याकडे बघून कपाळाला हात लावला. सात खाचा बघून त्याच्या माणसांनी तो खांब सातवा, म्हणजे सज्ज्यातला धरला होता आणि तिथे बसवला होता. उद्याच उतरवतो, असं तो खाली मान घालून म्हणाला.

यावदोखा कितीतरी वेळ वर बघत राहिली.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "एवढी उंच झालेली मला कधी दिसली असती?"

असं म्हणतात, ती जिवंत होती तोवर सगळ्यात वरची खाच दर ईस्टरला बोटभर वर सरकायची.

आजही ईस्टरला तिथला राखणदार खाचेपासून जमिनीपर्यंत दोरी सोडतो. खाली लेकुरवाळ्या बाया थांबलेल्या असतात. दोरी जुनीच, मागच्या मापाची तिची गाठ दरवर्षी बरोबर खाचेपाशीच येते. तो गाठ मुठीत झाकतो आणि खाली सांगतो, "बोटभर वाढली."