लिंबोणी आणि भागोजीच्या चार गाठी

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द आखूड होता आणि तो चारचौघांत लिहिण्याजोगा नाही. नाव भागोजी. सांगाल ते करायचा, अगदी सांगाल तसंच करायचा, आणि तिथंच सगळा घोळ व्हायचा.

त्याच्या बायकोचं नाव सरू. परसात सरूची लिंबोणी होती. लग्नात माहेराहून आणलेलं वीतभर रोप आता घराच्या वर गेलं होतं. कागदी लिंबं, पातळ सालीची, बारा महिने. कुणाला ऊन लागलं, कुणाला मळमळलं, कुणाची आमटी बेचव झाली, की सगळं गाव सरूच्या परसात. फुकट लिंबं न्यायची आणि जाताना भागोजीला हसायचं, असा रिवाजच होता.

एकदा पाहुणे आले. सरू म्हणाली, "पोह्यांवर लिंबू पिळा." भागोजीनं कढई चुलीवर तापत असतानाच चार लिंबं पिळली. पोहे कडू झाले. पाहुणे पाणी पिऊन गेले.

"अवो, जाळावर लिंबू पिळत न्हाईत!" सरू म्हणाली. "आधी खाली उतरवायचं, मग पिळायचं, वर झाकण ठेवायचं."

"मग आधी नीट सांगायचं की!" भागोजी म्हणाला, आणि विसरायला नको म्हणून त्यानं पटक्याच्या शेवाला एक गाठ मारली.

दुसऱ्याच दिवशी सरपंच दौलतराव बैलगाडीतून दारात आले. उन्हानं डोळे पांढरे झाले होते. "भागोजी, लिंबू..." एवढंच ते बोलू शकले.

भागोजीनं गाठ चाचपली. "आधी खाली उतरवा," तो गाडीवानाला म्हणाला. दोघांनी मिळून सरपंचांना ओट्यावर ठेवलं. भागोजीनं त्यांच्या टकलावर दोन लिंबं पिळली आणि वरून कोंबड्यांचा डालगा पालथा घातला.

डालग्यातून आवाज आला, "अरे गाढवा! लिंबू पोटात गेलं पायजे! मीठ-साखर घालून, पाण्यातनं!"

"मग आधी नीट सांगायचं की!" भागोजीनं दुसरी गाठ मारली.

महिन्याभरानं सरपंचांनी नवा ट्रॅक्टर आणला. हळद-कुंकू झालं, हार घातला, नारळ फुटला. आता लिंबं हवीत, नव्या गाडीला लागतातच. सरूनं टोपलीभर लिंबं देऊन भागोजीला पाठवलं. सरपंच पेढे वाटण्यात दंग होते. "लाव रे तेवढी लिंबं," ते मान न वळवता म्हणाले.

भागोजीनं दुसरी गाठ चाचपली. मग टोपलीतल्या लिंबांचं बादलीभर सरबत केलं, डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि ओतलं. मीठ-साखर विसरला नाही. वर एक पेलाभर जास्त ओतलं, कारण ट्रॅक्टर सरपंचांपेक्षा मोठा होता.

ट्रॅक्टर दोनदा खोकला आणि गप्प झाला.

"अरे, बुडाशी ठेवायची असतात लिंबं! चाकाच्या बुडाशी!" सरपंच ओरडले.

"मग आधी नीट सांगायचं की!" भागोजीनं तिसरी गाठ मारली.

सरपंच कुऱ्हाड घेऊनच परसात आले. ही लिंबोणी आहे तोवर हा माणूस गावाला सुखानं जगू देणार नाही, झाड तोडा, म्हणाले. मागोमाग आलेल्या सगळ्या गावानं माना डोलावल्या. ज्यांच्या खिशात त्या वेळीही सरूचीच लिंबं होती, त्यांनी जरा जास्त डोलावल्या. सरू झाडाला पाठ लावून उभी राहिली. शेवटी सरपंचांची बायकोच पुढं झाली. "तोडा की. मग तुमच्या मळमळीला काय देऊ, डिझेल?"

फुकट लिंबू बंद होणार, हे गावाच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. लगेच सगळ्यांना झाडाची दया आली. कुऱ्हाड परत गेली.

त्या रात्री सरू रडली. "मला या घरात ह्या झाडाचाच काय तो आधार," ती म्हणाली. भागोजीला ते लागलं. भोळा असला तरी बायकोवर त्याचा जीव होता.

पुढं सरूला माहेरी जायचं होतं. आईसाठी तिनं लोणचं घातलं. भागोजी शेजारी बसून बघत होता.

"एवढं मीठ?"

"मिठात हात आखडायचा न्हाई. मिठानंच लिंबू टिकतं. तोंडाला फडकं बांधायचं, उन्हात ठेवायचं. मग रंग बदलतो, साल काळपट पडती. घाबरायचं न्हाई, मुरतंय म्हणायचं."

भागोजीनं चौथी गाठ मारली.

निघताना सरू लिंबोणीकडं बघून म्हणाली, "पंधरा दिसांनी येते. माझं झाड टिकलं पायजे. ते गेलं, तर मी बी गेले म्हणून समजा."

पंधरा दिवसांनी ती परतली. परसात गाव जमलं होतं, प्रत्येकाच्या हातात रिकामी पिशवी. या खेपेला कुणी हसत नव्हतं. सरू गर्दी सारून पुढं झाली.

लिंबोणीच्या बुडाशी गुडघाभर पांढरा ढीग होता. शेंड्याला तिचं लग्नातलं लुगडं घट्ट बांधलं होतं. मधे नुसते काटे.

"ह्ये काय?" सरूनं विचारलं.

"चार पोती मीठ," भागोजी अभिमानानं म्हणाला. "बुडाशीच घातलं. हात आखडला न्हाई. वरनं फडकं बांधलं. उन्हात तर ते आधीपासनंच हाय."

"पानं कुटं गेली?"

"गळली. साल बी काळी पडली. पण मी घाबरलो न्हाई."

सरूनं झाडाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि आल्या वाटेनं चालू लागली.

भागोजी वेशीपर्यंत तिच्या मागं धावला. "अगं, कुटं चाललीस?"

"म्हायेरी. कायमची."

"जा, जा," भागोजी मायेनं म्हणाला. "पण दोन म्हयन्यांनी ये. तवर झाड मुरलेलं असंल."